पाच मिनिटांची फिल्म आणि एक खोटा कट

आमच्या शाळेत दुसऱ्या सत्रात आंतर-हाऊस लघुपट स्पर्धा होते. या वर्षीचा विषय होता 'शाळेतला एक माणूस'. नियम तीनच. फिल्म पाच मिनिटांपेक्षा मोठी नको, शूटिंग शाळेच्या आवारातच करायचं आणि प्रेपचा तास बुडवायचा नाही. वेळ तीन आठवडे, म्हणजे प्रत्यक्षात तीन रविवार आणि रोज गेम्सनंतरची चाळीस मिनिटं.

आमच्या टीममध्ये चौघे होतो. कॅमेऱ्यावर इंफाळचा माझा वर्गमित्र, आवाजावर पाटण्याचा, ट्रायपॉड वाहायला आणि वहीत नोंदी ठेवायला नववीतला एक ज्युनियर, आणि एडिटिंगला मी. आधी कोणीच फिल्म केली नव्हती. आम्ही काय शिकलो ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या टीमला त्याच चुका परत कराव्या लागणार नाहीत. शेवटची चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती. तीही लिहितो.

माणूस निवडायला वेळ लागला नाही. आमचे बिगुलर उस्ताद ३१ मार्चला निवृत्त होणार होते. १७ वर्षं फौजेत काढून ते शाळेत आले आणि १४ वर्षं रोज पहाटे त्यांनीच शाळेला उठवलं. ज्यांच्यावर आम्ही रोज रजईत तोंड खुपसून चिडतो, ते उस्ताद स्वतः किती वाजता उठतात हेसुद्धा आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

आमच्याकडे शाळेचा जुना डीएसएलआर कॅमेरा होता, १८-५५ मिलिमीटरची लेन्स होती आणि एक पाय सारखा घसरणारा ट्रायपॉड होता. आवाज रेकॉर्ड करायला हाऊस मास्टर सरांनी त्यांचा जुना मोबाइल दिला. कॅडेटला मोबाइल बाळगता येत नाही, त्यामुळे तो रोज रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचा आणि सही करून परत द्यायचा. एडिटिंग संगणक प्रयोगशाळेत, 'शॉटकट' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर केलं. मार्गदर्शनाला संगणकाचे सर होते.

प्रकाश

चित्र किती उजळ येतं हे तीन गोष्टी ठरवतात. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे. शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो. आयएसओ म्हणजे आलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो. तिन्ही एकमेकांशी बांधलेल्या आहेत. एक बदललं की दुसऱ्यात भरपाई करावी लागते.

पहिल्या दिवशी आम्ही मेसमध्ये उस्ताद चहा घेताना शूट केलं. कॅमेऱ्यात आधीपासून होतं तसंच ठेवलं होतं : सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६०. रात्री प्रयोगशाळेत बघितलं तर सगळ्या चित्रावरून काळपट पट्टे सरकत होते. आम्हाला वाटलं, कॅमेरा बिघडला. सरांनी विचारलं, "आपल्याकडे वीज किती हर्ट्झची?" ५० हर्ट्झची. म्हणजे मेसमधल्या जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन चढउतार बसतात आणि सगळ्या फ्रेमना सारखा प्रकाश मिळतो. १/६० ला ते पुरे बसत नाहीत, म्हणून पट्टे. त्या दिवसापासून आम्ही २५ फ्रेम आणि १/५० हेच ठेवलं. फिजिक्सच्या पुस्तकातला ५० हर्ट्झ परीक्षेबाहेरही कामाला येतो, हे पहिल्यांदाच पटलं.

दुसरा धडा पहाटेचा. उस्ताद बिगुल वाजवतात तेव्हा पूर्ण अंधार असतो. आम्ही आयएसओ ३२०० वर नेला. चेहरा दिसला, पण चित्रभर रवा सांडल्यासारखे दाणे आले. सर म्हणाले, "अंधार आहे तर अंधार दिसू दे. उजेड कुठे आहे ते बघ आणि माणसाला त्याच्यापुढे उभा कर." दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेरा खाली, जमिनीजवळ लावला. उस्तादांच्या मागे फक्त उजळायला लागलेलं आकाश होतं. त्यांची काळी आकृती, वर उचललेला बिगुल आणि तोंडाजवळची वाफ. चेहरा न दिसताही ते उस्तादच आहेत हे शाळेतला कोणीही सांगेल.

मुलाखत बँडच्या स्टोअररूममध्ये घेतली. एका बाजूला खिडकी, त्यामुळे अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा काळा. आम्ही खिडकीच्या समोरच्या बाजूला डॉर्मिटरीतली पांढरी चादर ताणून धरली. खिडकीतला उजेड चादरीवर आपटून काळ्या बाजूवर मऊ पसरला. सरांनी नंतर सांगितलं की सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी हेच तत्त्व वापरलं होतं. बनारसच्या घराचा सेट स्टुडिओत होता, पण अंगणात आकाशातून झिरपतो तसा उजेड हवा होता. म्हणून त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्याच्यावर टाकून परतवला. आम्हाला चादर धरून ठेवताना हात भरून आले, एवढाच काय तो फरक. त्याच चादरीवर आम्ही व्हाइट बॅलन्सही ठरवला, म्हणजे या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगितलं. त्याआधी ट्यूबलाइट बंद केली. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट असे दोन उजेड एकत्र आले, तर चेहरा कोणत्याच सेटिंगला नीट दिसत नाही.

फ्रेम आणि दिशा

लाँग शॉट सांगतो, माणूस कुठे आहे. मिड शॉट सांगतो, तो काय करतो आहे. क्लोज-अप सांगतो, तो ते कसं करतो आहे. आम्ही पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे मिड शॉट घेतले होते. टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्यावर ते ओळखपत्राच्या फोटोंसारखे दिसायला लागले. मग बोटं, ओठ, बुटांचे घासलेले टोक आणि बिगुलावरचा पोचा असे क्लोज-अप वेगळे घेतले.

दिशेची चूक ड्रिलच्या शॉटमध्ये झाली. प्लाटून डावीकडून उजवीकडे चालली होती. आणखी चांगला उजेड दिसला म्हणून आमचा कॅमेरामन मैदान ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून पुढचा भाग घेतला. दोन्ही शॉट जोडल्यावर प्लाटून आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे चालताना दिसली, जणू मध्येच कोणी 'पीछे मुड' दिलं! चालण्याच्या दिशेला समांतर एक काल्पनिक रेघ असते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत राहिला पाहिजे. ओलांडायचीच असेल, तर मध्ये एक शॉट बरोबर समोरून घ्यायचा.

आणखी एक साधी सवय. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद थांबायचं, मग काम सुरू करायला सांगायचं. काम संपल्यावर पुन्हा पाच सेकंद थांबून मगच बंद करायचं. 'सावधान' झाल्याशिवाय 'तेज चल' नाही, तसंच. एडिटिंग करणाऱ्याला कापायला दोन्ही टोकांना जागा लागते. ती नसली की चांगला शॉटही वाया जातो.

आवाज

बिगुलला बटणं नसतात. सगळे स्वर ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर निघतात, आणि आवाज फार मोठा असतो. पहिलं रेकॉर्डिंग आम्ही दोन पावलांवरून केलं. ऐकलं तर बिगुलाऐवजी पत्रा फाडल्यासारखा आवाज. आवाज मोबाइलच्या मर्यादेपलीकडे गेला होता आणि वरचा भाग छाटला गेला होता. छाटलेला आवाज एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइल लांब नेला, बिगुलाच्या तोंडासमोरून बाजूला ठेवला आणि ॲपमधला आवाजाचा पट्टा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहिलं.

मग एक मजेदार गोष्ट झाली. हॉस्टेलच्या गच्चीवरून, साधारण १०० मीटर अंतरावरून आम्ही एक लाँग शॉट घेतला. मोबाइल कॅमेऱ्याजवळच ठेवला होता. शॉट बघताना आवाज आणि चित्र जुळेना. उस्ताद फुंकायचे आणि आवाज मागून यायचा. टाळी वाजवून सिंक केलं होतं, तरी असं का? पाटण्याच्या मित्राने वहीत गणित मांडलं. त्या थंडीत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३५ मीटर. १०० मीटरला लागले ०.३ सेकंद. २५ फ्रेमच्या हिशेबाने साडेसात फ्रेम. आम्ही आवाज आठ फ्रेम आधी सरकवला आणि सगळं जुळलं. या आठ फ्रेमकडे लेखात मला परत यायचं आहे.

मुलाखतीच्या खोलीत सगळे गप्प असतानाचा अर्धा मिनिट आवाजही घ्यायचा असतो. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. दोन वाक्यांच्या मधे तो भरला नाही, तर ऐकणाऱ्याला कान बंद झाल्यासारखं वाटतं.

निवडणं

तीन आठवड्यांत आमच्याकडे ११० मिनिटांचं चित्रण जमलं आणि फिल्म हवी होती पाच मिनिटांची. म्हणजे २२ मिनिटांतलं एक मिनिट ठेवायचं. माझी आजी तांदूळ निवडते तेव्हा सूप पुढे घेऊन आधी सगळे पसरते, मग खडे वेचते. आम्हीही आधी सगळं पसरलं. ज्युनियरने प्रत्येक क्लिपचा नंबर, आत काय आहे आणि 'चांगला', 'चालेल', 'नको' अशा नोंदी वहीत केल्या होत्या. त्या वहीने आमचे निदान दोन दिवस वाचवले. प्रयोगशाळेचे संगणक जुने, त्यामुळे मोठ्या फाइल अडखळत चालायच्या. शॉटकटमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. ते प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी नक्कल करतं, आपण तिच्यावर काम करायचं आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना मूळ फाइल वापरली जाते.

कापण्याच्या तीन युक्त्या कामाला आल्या. पहिली, हालचालीवर कापणं. लाँग शॉटमध्ये उस्ताद बिगुल उचलायला लागतात आणि क्लोज-अपमध्ये तो ओठांपर्यंत पोचतो. हात हलत असतानाच कट केला की जोड दिसत नाही. दुसरी, आवाज आधी आणि चित्र नंतर. झोपलेल्या डॉर्मिटरीच्या शॉटवरच बिगुल सुरू होतो, उस्ताद दोन सेकंदांनी दिसतात. तिसरी, कटअवे. माणूस बोलत असताना मध्ये दुसरंच काही दाखवायचं, त्याचा हात, खिडकी, भिंतीवरचा फोटो. कटअवेखाली मुलाखतीतला 'अं…', खोकला आणि अडखळणं कापता येतं आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

टाइम-लॅप्सचा माझा हट्ट होता. दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज एक फ्रेम घेऊन टिपली होती. त्या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. हे नवं माध्यम काय करू शकतं, हे तिने पैसे लावणाऱ्यांना दाखवलं. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मला मैदानावरचं धुकं उठताना तसंच दाखवायचं होतं. दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे चाळीस मिनिटांत ४८० फोटो घेतले. २५ ने भागल्यावर झाले सुमारे १९ सेकंद. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी मी खिशात, अंगाच्या उबेला ठेवली होती. तो शॉट मला सगळ्या फिल्मपेक्षा आवडायचा.

सरांनी त्याच आठवड्यात आम्हाला लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग सांगितला. १९२० च्या सुमाराची गोष्ट. त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. एकदा त्याला सुपाची बशी जोडली, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना एकदा नट भुकेला वाटला, एकदा दुःखी. चेहरा तोच होता. अर्थ चेहऱ्यात नव्हता, दोन शॉटच्या जोडणीत होता. मला ही जादूच वाटली, आणि मी ती वापरायचं ठरवलं.

खोटा कट

माझ्या डोक्यात शेवट तयार होता. निवृत्त होणारा माणूस, सुनं मैदान आणि डोळ्यांत पाणी. परीक्षकांना असंच आवडतं, असं मी टीमला सांगितलं.

मुलाखतीत मी उस्तादांना विचारलं होतं, शाळा सोडताना कसं वाटतंय? ते म्हणाले, "याद तो आएगी. पर सच कहूँ, घर जाने की खुशी ज़्यादा है।" मी 'याद तो आएगी'वर वाक्य कापलं. कट दिसू नये म्हणून वर खुंटीला टांगलेल्या बिगुलाचा कटअवे ठेवला. मग रिकाम्या मैदानाचा शॉट आणि त्याला जोडून उस्तादांचा एक शॉट, मान खाली, खांदे किंचित हलताहेत. खाली हळू संगीत. प्रयोगशाळेत पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा आमचा ज्युनियर खरोखरच गप्प झाला. मी खूश होतो.

सोमवारी फिल्म द्यायची होती. शनिवारी संध्याकाळी आम्ही उस्तादांना बोलावून ती दाखवली. ते खुर्चीत ताठ बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "अच्छा बना है।" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बेटा, मैं रोया कब?"

मी स्क्रीनवर तो शॉट परत लावला. ते हसले. "ये तो मैं बिगुल का पानी झाड़ रहा था।"

खरंच होतं. वाजवून झाल्यावर श्वासाची वाफ आत साचून पाणी होते. ते काढायला बिगुल उलटा करून झटकावा लागतो. त्यासाठी मान खाली होती, खांदे त्यासाठी हलत होते. पाटण्याचा मित्र फिसकन हसला. मला हसू आलं नाही.

मग उस्ताद जे म्हणाले ते मी मराठीत लिहितो. ही फिल्म गावी त्यांच्या पत्नी बघतील. १४ वर्षं शेत आणि घर त्यांनी एकटीने सांभाळलं. उस्ताद सुट्टीत जायचे आणि परत यायचे. आता कायमचे घरी जाताना ते शाळेसाठी रडले असं दिसलं, तर तिला काय वाटेल? ते रागावले नव्हते. "तुम लोग देख लो," एवढं म्हणून ते उठले. 'लाइट्स आऊट'चा बिगुल त्यांनाच वाजवायचा होता.

मराठीत 'कट' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, हे मला तेव्हा आठवलं.

आठ फ्रेम आणि अर्धं वाक्य

त्या रात्री डॉर्मिटरीत आमचा वाद झाला. मी म्हणालो, "सगळं एडिटिंग खोटंच असतं. आवाज आठ फ्रेम सरकवला तो काय खरा होता?" इंफाळचा मित्र एरवी कमी बोलतो. तो म्हणाला, "आवाज सरकवला तेव्हा उस्तादांनी जे केलं तेच दिसलं. वाक्य कापलं तेव्हा त्यांनी जे म्हटलं नाही ते ऐकू आलं."

त्याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. खोकला कापला तर माणूस जे सांगत होता ते आणखी नीट कळतं. 'पर'च्या आधी कापलं तर तो जे सांगत होता ते हरवतं. युक्ती तीच, कटअवेची. कुलेशोव्हच्या नटाला त्याच्या गावी कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. आमच्या उस्तादांना द्यायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही ११० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून बघितली. या वेळी माझा शेवट डोक्यात न ठेवता. तेव्हा वहीत 'नको' लिहिलेली एक क्लिप सापडली. उस्ताद सांगत होते की थंडीत बिगुलाचं माउथपीस बर्फासारखं होतं, ओठाला लावलं तर पहिला स्वर फाटतो. म्हणून ते पहाटे पावणेपाचला उठतात आणि माउथपीस मुठीत धरून, मूठ कोटाच्या आत घालून बसतात. "बच्चों को पहली आवाज़ अच्छी मिलनी चाहिए।" हे मी 'लांबण' म्हणून बाहेर टाकलं होतं. आजीच्या सुपात मी तांदूळ फेकून खडे ठेवले होते.

नवी फिल्म त्याच मुठीपासून सुरू केली. अंधारात कोटात शिरलेली मूठ, वर उस्तादांचा आवाज, मग झोपलेली डॉर्मिटरी आणि बिगुल. पाणी झटकण्याचा शॉट जिथे घडला तिथेच, वाजवून झाल्यानंतर ठेवला, संगीत काढून टाकलं आणि फरशीवर पडलेल्या थेंबांचा आवाज राहू दिला. शेवटी पूर्ण वाक्य, 'खुशी ज़्यादा है'पर्यंत, आणि त्यानंतरचं त्यांचं हसू. एवढं बसवायला जागा हवी होती. माझं १९ सेकंदांचं धुकं मी ४ सेकंदांवर आणलं. तो कट करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फिल्म झाली ४ मिनिटं ५२ सेकंदांची.

स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. पहिल्या आलेल्या हाऊसची फिल्म आमच्यापेक्षा चांगली होती, त्यांचा आवाज तर फारच स्वच्छ होता. ऑडिटोरियममध्ये पाणी झटकण्याच्या शॉटला सगळी शाळा हसली आणि तिसऱ्या रांगेत बसलेले उस्तादही हसले. ३१ मार्चला आम्ही त्यांना फिल्मचा पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

पुढच्या टीमसाठी

१. २५ फ्रेम, शटर १/५०. ट्यूबलाइटखाली तर नक्कीच.

२. आधी उजेड बघा, मग कॅमेरा लावा. पांढरी चादर जवळ ठेवा.

३. प्रत्येक शॉटच्या आधी पाच आणि नंतर पाच सेकंद थांबा.

४. चालणाऱ्या माणसाची रेघ ओलांडू नका.

५. मोठा आवाज लांबून आणि बाजूने घ्या. चित्र थोडं सुधारता येतं, छाटलेला आवाज नाही.

६. नोंदवही ठेवा आणि 'नको' लिहिलेलं शेवटी एकदा पुन्हा बघा.

७. ज्याच्यावर फिल्म आहे त्याला ती आधी दाखवा, आणि बदल करायला निदान एक रविवार हातात ठेवा.

८. कोणाचंही वाक्य 'पण'च्या आधी कापू नका.

कॅमेरा सध्या संगणक प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात आहे. ट्रायपॉडचा घसरणारा पाय आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट केला आहे. ती पट्टी काढू नका.